उत्पादकतेची पट्टी कोणाच्या हाती?

गेली दोन-तीन वर्षे 'उत्पादकता' हा शब्द सार्वजनिक चर्चेत कोर्टाच्या निकालासारखा वापरला जात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी भारताची कार्य-उत्पादकता जगात फार खालच्या पायरीवर असल्याचे सांगितले आणि तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा सल्ला दिला. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे उत्पादकता वाढली म्हणून ही कपात नव्हे, तर कौशल्ये जुळत नाहीत म्हणून आहे, असा खुलासा कंपनीच्या प्रमुखांनी केला. पण बाजारात, वर्तमानपत्रांत आणि घराघरांत चर्चा झाली ती एकाच गोष्टीची. यंत्र आता प्रोग्रामरपेक्षा जास्त उत्पादक झाले, मग माणसे हवीत कशाला?

आमचा प्रश्न त्याही आधीचा आहे. प्रोग्रामरची उत्पादकता मोजली कोणी, कुठे मोजली आणि कोणत्या मापाने मोजली? विद्यापीठातील किंवा प्रयोगशाळेतील संशोधन प्रकल्पात प्रोग्राम लिहिणे आणि कंपनीत ग्राहकासाठी सॉफ्टवेअर तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. एका ठिकाणचा आकडा उचलून दुसऱ्या ठिकाणच्या माणसावर छडीसारखा उगारला जातो, हे या वादातले मूळ दुखणे आहे.

हा विषय इंजिनिअरांचा आहे, चळवळीने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या वस्त्यांमधून शिकून इंजिनिअर झालेली पहिली पिढी आज हिंजवडी, ऐरोली, बंगळुरू, हैदराबाद येथील कंपन्यांत काम करते. कॉलेजच्या प्रवेशापर्यंत घटनेचे संरक्षण तिच्या पाठीशी होते. खाजगी कंपनीच्या दारात ते संपते. तेथे वर्षाअखेरीचे अप्रेझल आणि त्यातले रेटिंग हाच कायदा असतो. म्हणून त्या रेटिंगमागची पट्टी समजून घेणे हे आपल्याही कामाचे आहे.

या विषयातले सर्वात परिचित आकडे पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते आजही बोलके आहेत. फ्रेड ब्रुक्स हे आयबीएम कंपनीत ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीच्या कामाचे प्रमुख होते. १९६३ ते १९६६ या काळात या प्रणालीवर सुमारे ५,००० मनुष्यवर्षे खर्ची पडली असावीत, असा त्यांचाच अंदाज होता. मनुष्यवर्ष म्हणजे एका माणसाचे एका वर्षाचे काम. पुढे ब्रुक्स विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात आपल्या अनुभवाचा हिशेब मांडला. त्यांच्या आकड्यांनुसार आयबीएममध्ये संगणकाच्या मूळ नियंत्रणाचा भाग लिहिणाऱ्या गटांकडून माणशी वर्षाला ६०० ते ८०० तपासून पक्क्या केलेल्या आज्ञा लिहून झाल्या. त्याच कंपनीत, त्याच प्रणालीसाठी कंपायलर लिहिणाऱ्या गटांकडून मात्र २,००० ते ३,००० आज्ञा झाल्या. याच पुस्तकात एमआयटी या विद्यापीठातील 'प्रोजेक्ट मॅक' या संशोधन प्रकल्पाचाही आकडा आहे. तेथे मल्टिक्स नावाची प्रणाली लिहिली जात होती. फर्नांडो कोर्बाटो यांनी दिलेल्या माहितीनुसार त्या कामात माणशी वर्षाला सरासरी १,२०० ओळी झाल्या.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून कोणी झटपट निष्कर्ष काढू लागला तर काय होईल? ६००-८०० विरुद्ध १,२०० असे पाहिले तर विद्यापीठातील माणूस कंपनीतल्या माणसाच्या जवळपास दुप्पट काम करतो, असे दिसेल. २,०००-३,००० विरुद्ध १,२०० असे पाहिले तर कंपनीचा माणूस विद्यापीठाच्या माणसाच्या दुप्पट ठरेल. ज्याला जे सिद्ध करायचे आहे त्याने तो आकडा उचलावा! कोर्टात असा पुरावा कोणी आणला तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात तो उडवून लावील.

पहिला प्रश्न असा की दोन्हीकडे मोजले काय? आयबीएमचा आकडा यंत्राच्या भाषेजवळच्या आज्ञांचा आहे. एमआयटीचा आकडा पीएल/वन या वरच्या पातळीच्या भाषेतील ओळींचा आहे. अशी एक ओळ यंत्राच्या तीन ते पाच आज्ञांचे काम करते, हे ब्रुक्स यांनीच नोंदवले आहे. म्हणजे एकाने पायलीने मोजले आणि दुसऱ्याने पोत्याने. दुसरा प्रश्न असा की काम कोणते होते? एकाच कंपनीत, एकाच छपराखाली, कामाचा प्रकार बदलताच आकडा तिप्पट होतो. नियंत्रणाचा भाग लिहिणारे आळशी होते आणि कंपायलर लिहिणारे कष्टाळू होते, असे म्हणायचे काय? तसे नव्हे. संगणकाचे सगळे भाग ज्याच्यावर उभे राहतात तो भाग लिहिताना दहा ठिकाणी विचारावे लागते, दहा वेळा तपासावे लागते. काम अवघड म्हणून आकडा लहान.

संशोधन प्रकल्प आणि उद्योग यांच्यातला खरा फरक वेगाचा नाही, काम कुठे संपले असे मानायचे याचा आहे. ब्रुक्स यांचा ढोबळ हिशेब असा : लिहिणाऱ्याने स्वतःच्या यंत्रावर चालवून दाखवलेला प्रोग्राम ही पहिली पायरी. तोच प्रोग्राम परक्या माणसाला वापरता यावा, दुरुस्त करता यावा, त्याची माहिती लिहिलेली असावी, चाचण्या झालेल्या असाव्यात, तर खर्च तिप्पट होतो. तो इतर अनेक प्रोग्रामांबरोबर एका मोठ्या प्रणालीचा भाग म्हणून चालावा, तर आणखी तिप्पट. दोन्ही अटी पाळायच्या तर नऊपट. संशोधकाचे काम बहुधा पहिल्या पायरीवर पूर्ण होते, कारण त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. कंपनीचे काम तेथे जेमतेम सुरू होते. वकिलीतले उदाहरण द्यायचे तर आपल्या स्वतःच्या आठवणीसाठी काढलेले टिपण अर्ध्या तासात होते. पण तोच मजकूर दस्त म्हणून नोंदवायचा असेल, वीस वर्षांनी दुसऱ्या वकिलाने दुसऱ्या कोर्टात टिकवायचा असेल, तर शब्दाशब्दाला दिवस जातात. टिपणाच्या वेगाने दस्त का लिहिला नाही, असे कोणी विचारीत नाही. प्रोग्रामरला मात्र तेच विचारले जाते.

याची दुसरी बाजूही पाहू. मल्टिक्सच्या कामातून बेल लॅब्ज ही संशोधन संस्था १९६९ मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन यांनी पडून राहिलेल्या एका लहान संगणकावर युनिक्सचा पहिला गाभा सुमारे तीन आठवड्यांत उभा केला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. एकीकडे ५,००० मनुष्यवर्षे, दुसरीकडे तीन आठवडे! ही तुलना अनेकदा कौतुकाने सांगितली जाते. पण त्या तीन आठवड्यांच्या मागे मल्टिक्सवर घालवलेली वर्षे होती, काय करू नये याचे ज्ञान होते, आणि पुढे कोणताही ग्राहक, कोणतीही मुदत नव्हती. शिवाय ते युनिक्स जगाच्या बँकांत आणि रेल्वेत चालावे यासाठी पुढची अनेक वर्षे असंख्य प्रोग्रामर राबले. त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. बीज पेरणारा मोठा की रान राखणारा, हा वादच फिजूल आहे. दोघांशिवाय पीक येत नाही.

कोरोनाच्या काळात हा फरक साऱ्या जगासमोर आला. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजमधील नील फर्ग्युसन यांच्या गटाने साथीच्या प्रसाराचा अहवाल दिला आणि ब्रिटनचे धोरण बदलण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्यामागचा प्रोग्राम फ्लूच्या साथीसाठी तेरा वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहिलेला, हजारो ओळींचा आणि माहिती न लिहिलेला होता, हे फर्ग्युसन यांनी स्वतःच जाहीर सांगितले. तो खुला करण्याची मागणी झाली. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांच्या मदतीने तो साफसूफ करून प्रसिद्ध करण्यात आला. तेव्हा उद्योगातील अनेक प्रोग्रामरांनी त्यावर टीकेची झोड उठवली. असा कोड आमच्या कंपनीत एक दिवसही टिकला नसता, असा त्यांचा सूर होता. नंतर केंब्रिजमधील स्टीफन एग्लेन यांनी तो प्रोग्राम स्वतंत्रपणे चालवून अहवालातील मुख्य निष्कर्ष पुन्हा मिळतात हे दाखवले.

यात चूक कोणाची? संशोधकांनी वेळेवर उत्तर दिले, ते त्यांचे काम होते. पण ज्या प्रोग्रामवर कोट्यवधी लोकांचे घराबाहेर पडणे अवलंबून आहे, तो 'स्वतःपुरता' राहत नाही. पहिल्या पायरीचे काम अचानक नवव्या पायरीवर नेऊन ठेवले गेले आणि मधल्या आठ पायऱ्यांचे पैसे, माणसे, वेळ कोणीच दिलेला नव्हता. संशोधनाला अनुदान देणारे नवे निष्कर्ष मागतात, जुन्या प्रोग्रामच्या देखभालीसाठी मागणी केली तर हात आखडतात. मग संशोधक 'उत्पादक' दिसतो, कारण उरलेले काम हिशेबातच धरलेले नसते.

उद्योग तरी सगळे हिशेबात धरतो काय? ब्रिटनच्याच पोस्ट खात्याचे प्रकरण वकिलांनी तरी विसरू नये. होरायझन ही हिशेबाची प्रणाली तेथे १९९९ पासून बसवण्यात आली. फुजित्सुसारखी बलाढ्य कंपनी तिच्यामागे होती. या प्रणालीने दाखवलेल्या तुटीच्या आधारे ९०० हून अधिक लोक चोर आणि लबाड ठरले. त्यांतील बहुतेक गावोगावची छोटी पोस्टे चालवणारी साधी माणसे होती. काहींना तुरुंगवास झाला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इंग्लंडच्या कायद्यात संगणकाचा पुरावा देण्याआधी तो संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची अट होती. ती १९९९ च्या कायद्याने काढून टाकली गेली होती. या प्रणालीवर किती ओळी, किती दिवसांत लिहिल्या गेल्या याचे आकडे कुठल्या तरी फायलीत चांगलेच दिसत असतील. पण चुकीची किंमत त्या फायलीत नव्हती. ती त्या गावकऱ्यांनी आपल्या आयुष्यातून भरली.

ओळी मोजण्याचा फोलपणा जाणकारांना केव्हाच कळलेला आहे. १९८२ च्या सुमारास अॅपल कंपनीत दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायची पद्धत आली. बिल अॅटकिन्सन यांनी त्या आठवड्यात आपला जुना भाग नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर लिहिले : उणे २,०००. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे फॉर्म मागणे बंद झाले. अॅटकिन्सन यांना हे परवडले, कारण ते अॅटकिन्सन होते. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीने असे लिहिले तर तिचे रेटिंग काय येईल, हे वाचकांनीच ठरवावे.

याच क्षेत्रात आणखी एक आकडा फार लाडका आहे. १९६८ मध्ये सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगाचा हेतू होता प्रोग्रामर संगणकासमोर बसून काम करतो तेव्हा आणि दूर राहून काम पाठवतो तेव्हा काय फरक पडतो ते पाहणे. अनुभवी प्रोग्रामर होते अवघे बारा. त्यांत चुका शोधण्याच्या एका कामात सर्वात हळू आणि सर्वात जलद यांच्यात २८ पट अंतर निघाले. त्यात कामाची पद्धत आणि भाषा यांतले फरकही मिसळले होते, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. तरी बारा माणसांच्या या आकड्यातून 'एक हुशार माणूस दहा सामान्यांच्या बरोबरीचा' हे उद्योगाचे सुभाषित तयार झाले. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. गुणवत्ता जन्माने येते, काहींकडे असते आणि काहींकडे नसते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. माणसामाणसांत फरक असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण कोणाला कोणते काम मिळाले, शिकवायला कोण होते, प्रश्न विचारला तर उत्तर देणारा वरिष्ठ होता की हसणारा होता, हे न पाहता काढलेला आकडा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

आता आजच्या वादाकडे येऊ. २०२३ च्या सुरुवातीला एका प्रयोगाचा निष्कर्ष जगभर गाजला. ९५ प्रोग्रामरांना एक लहानसा वेब सर्व्हर लिहायला दिला. गिटहब कोपायलट हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरणाऱ्यांनी तो सुमारे ५६ टक्के कमी वेळात पूर्ण केला. जुलै २०२५ मध्ये, म्हणजे वर उल्लेखिलेल्या कपातीच्याच महिन्यात, मेटर या अमेरिकन संस्थेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामर आपापल्या नेहमीच्या, मोठ्या, जुन्या प्रकल्पांतील २४६ खरीखुरी कामे करीत होते. साधन वापरल्याने आपण सुमारे २० टक्के जलद झालो, असे त्यांना काम झाल्यावरही वाटत होते. घड्याळाने दाखवले की ते १९ टक्के हळू झाले.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यात कोरी पाटी, एक काम आणि लगेच संपणारा शेवट होता. दुसऱ्यात दहा लोकांनी दहा वर्षे लिहिलेल्या कोडमध्ये हात घालायचा होता. साधने झपाट्याने बदलत आहेत, पुढच्या प्रयोगांत आकडे बदलतील, कदाचित उलटतीलही. पण कोऱ्या पाटीवरचा आकडा जुन्या वाड्याच्या डागडुजीला लावायचा नाही, हा धडा बदलणार नाही.

ब्रुक्स यांच्याच अनुभवातील वाटणी घेऊन एक साधा हिशेब करू. बारा महिन्यांच्या प्रकल्पात चार महिने आखणीत जातात, दोन महिने प्रत्यक्ष कोड लिहिण्यात आणि सहा महिने चाचण्यांत. यंत्राने कोड लिहिण्याचा वेळ निम्मा केला, तर वाचतो एक महिना. बारा महिन्यांचे काम अकरा महिन्यांत होईल. आणि यंत्राने लिहिलेले तपासायला महिना लागला तर तोही वाचणार नाही. वाटणी कामागणिक बदलेल, पण दुप्पट वेगाचा कोड म्हणजे निम्मी माणसे, हे गणित कोणत्याही वाटणीत बसत नाही.

महाराष्ट्रात या दोन्ही जगांचे नमुने एकाच शहरात आहेत. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट'चे काम तिने पुढे नेले. भारतीय लिप्यांच्या ज्या संकेतप्रणालीवर हे काम उभे होते, तिच्याच आधारावर युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. आज आपण मोबाईलवर मराठी वाचतो, त्यामागे हे श्रम आहेत. त्या वेळी माणशी ओळी मोजून कोणी ते काम तोट्याचे ठरवले असते तर? त्याच पुण्यात माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग मात्र दिवसाच्या बिलावर उभा आहे. टीसीएसने जून २०२५ मध्ये कर्मचाऱ्याचे वर्षातून किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर लागले पाहिजेत आणि बेंचवरचे दिवस ३५ पेक्षा जास्त नकोत, असे धोरण आणल्याच्या बातम्या आल्या. येथे उत्पादकता म्हणजे विकलेले दिवस. प्रकल्प कोणाला मिळतो हे कर्मचाऱ्याच्या हातात पुरते नसते, पण दिवस न विकल्याचा ठपका त्याच्यावर येतो.

तासांबद्दल एकच आठवण देतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. प्रोग्रामच्या बाबतीत तर थकलेल्या माणसाने रात्री लिहिलेली चूक दुसऱ्याला दिवसाढवळ्या आठवडाभर शोधावी लागते. सत्तर तासांनी तास वाढतील, काम वाढेलच असे नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तीत तांत्रिक काम करणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत येऊ शकतो. कार्डावर 'कन्सल्टंट' किंवा 'लीड' छापले म्हणून तो व्यवस्थापक होत नाही. न्यायालये पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देणे बंधनकारक आहे. म्हणूनच कपातीऐवजी राजीनामा लिहून मागितला जातो. आमच्याकडे सल्ल्याला येणारी बरीच मुले राजीनाम्यावर सही करून मगच येतात. सही झाल्यावर वकिलाच्या हातात फार थोडे उरते.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. उत्पादकता कमी असल्याचा ठपका आला तर तो लेखी मागा. कोणत्या कामाशी तुलना केली, काय मोजले, चाचणी आणि दुरुस्तीचा वेळ कोणाच्या खात्यावर धरला, हे तीन प्रश्न लेखी विचारा. केलेल्या कामाची, इतरांच्या चुका निस्तरण्यात गेलेल्या दिवसांची तारीखवार नोंद स्वतःजवळ ठेवा. दबावाखाली त्याच दिवशी सही करू नका. आणि कार्यकर्त्यांनी, कामगार संघटनांनी गिरणी-कारखान्यांपुरता विचार न करता या काचेच्या इमारतींच्या दारापर्यंत गेले पाहिजे. तेथेही मजूरच काम करतात. त्यांच्या कामाचे माप ठरवताना त्यांना विचारले गेले पाहिजे, ही मागणी आता उघडपणे मांडण्याची वेळ आली आहे.